आकाशात इतके ग्रीक देव आले कुठून?

प्रश्न असा आहे: ग्रह, त्यांचे चंद्र, तारकासमूह, लघुग्रह, जिकडे बघावं तिकडे ग्रीक पुराणातली नावं. ही कुणी आणि कधी ठरवली? आणि आपल्याकडे पुराणांची एवढी रेलचेल असताना आपली नावं तिथे का नाहीत?

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा वाटत असतं की कुठल्या तरी युरोपीय सभेत बसून कुणीतरी हा ठराव पास केला. तसं काही झालेलं नाही. पहिली नावं आपोआप साचत गेली. नंतरची नावं भांडणांतून ठरली, आणि त्या भांडणांत ग्रीक देव जवळजवळ दर वेळी जिंकले. का जिंकले, तेच मला इथे मुख्यतः सांगायचं आहे. माझं मत थोडक्यात असं की त्यांच्यासमोर उभे असलेले उमेदवार जिवंत राजे होते, आणि एका देशाच्या राजाचं नाव दुसऱ्या देशाचा खगोलज्ञ कशाला घेईल? ग्रीकांचा देवराज झ्यूस मात्र तोवर कुणाचाच उरला नव्हता.

आधी एक गल्लत दूर करू. आपण ज्यांना ग्रीक म्हणतो त्या ग्रहांच्या नावांमागची कल्पना बाबिलोनची आहे. तिथे गुरू हा मार्दुकचा, शुक्र इश्तारचा, मंगळ नेर्गालचा, बुध नाबूचा. ग्रीकांकडे ग्रहांना त्याआधी वर्णनात्मक नावं होती: मंगळ म्हणजे पायरोइस, आगीसारखा; बुध म्हणजे स्टिल्बॉन, लुकलुकणारा. इसवी सनपूर्व चौथ्या शतकाच्या सुमारास त्यांनी बाबिलोनच्या देवांच्या जागी स्वभावाने जुळणारे आपले देव बसवले. इश्तारच्या जागी अफ्रोडायटी, नेर्गालच्या जागी आरेस हा युद्धदेव, मार्दुकच्या जागी झ्यूस. प्लेटोच्या नावावर असलेल्या 'एपिनॉमिस' या संवादात तर हे ज्ञान परक्यांकडून आल्याचं सरळ म्हटलं आहे. पुढे रोमनांनी तोच उद्योग आपल्या देवांबरोबर केला आणि व्हीनस, मार्स, ज्युपिटर ही नावं तयार झाली. तेव्हा इंग्रजीतली ग्रहांची नावं रोमन, साचा ग्रीक आणि मूळ कल्पना इराकच्या मातीतली.

तारकासमूहांचंही थोडंफार तसंच. राशिचक्र बाबिलोनचं. ग्रीकांनी त्याला आपल्या कथांचे कपडे चढवले. अराटस नावाच्या कवीने इसवी सनपूर्व २७५च्या आसपास सगळ्या आकाशावर एक दीर्घकाव्य लिहिलं. ते इतकं चाललं की रोमन वक्ता सिसरोने त्याचं लॅटिनमध्ये भाषांतर केलं. मग इसवी सन १५०च्या सुमारास अलेक्झांड्रियात टॉलेमीने हजाराहून जास्त ताऱ्यांची यादी ४८ तारकासमूहांत बसवली. नावं टिकली ती या यादीमुळे. कथा सांगणारे पुष्कळ होते, पण ताऱ्यांच्या जागा आकड्यांत लिहिलेली आणि टिकून राहिलेली यादी त्याची. पुढची चौदाशे वर्षं कुणालाही तारा मोजायचा असला की टॉलेमीची यादी उघडावी लागे, आणि तिच्यात तारा सांगितलेला असायचा तोच मुळी चित्रातल्या अवयवावरून: सिंहाच्या शेपटीतला, माशाच्या तोंडातला, मेड्युसा राक्षसिणीच्या मुंडक्यातला.

ही यादी अरबीत गेली. दहाव्या शतकात, ९६४ मध्ये, अल सूफी या इराणी खगोलज्ञाने तिच्यावर स्वतःचा ग्रंथ लिहिला आणि प्रत्येक तारकासमूहाचं चित्र दोनदा काढलं: एक जमिनीवरून दिसतं तसं, दुसरं आकाशगोलाच्या बाहेरून बघितल्यासारखं उलटं. युरोपने टॉलेमी परत घेतला तो मुख्यतः अरबीतून. म्हणून आज तारकासमूह ग्रीक आणि त्यातले तारे अरबी असा मजेदार संसार दिसतो. डेनेब म्हणजे शेपूट. फोमलहॉट म्हणजे माशाचं तोंड. ॲलगॉल म्हणजे रास अल् घूल, राक्षसाचं डोकं. पर्सियसने हातात धरलेलं मेड्युसाचं जे मुंडकं टॉलेमीने लिहिलं होतं, तेच हे. हा तारा दर २.८७ दिवसांनी काही तासांसाठी मंद होतो आणि परत उजळतो. डिसेंबरच्या रात्री साध्या डोळ्यांनी, शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करत, हे कुणालाही बघता येतं.

हाच भाग आकाशात शोधताना मराठी माणसाला एक वेगळी गंमत सापडते. ग्रीक कथेत सेफियस राजा, कॅसिओपिया राणी, त्यांची मुलगी अँड्रोमेडा आणि तिला समुद्रराक्षसापासून वाचवणारा पर्सियस, असं अख्खं कुटुंब शेजारी शेजारी आहे. मराठीत आकाशावर लिहिणाऱ्यांनी या कुटुंबाच्या जागी महाभारतातलं दुसरं कुटुंब आणून बसवलं: वृषपर्वा, शर्मिष्ठा, देवयानी, ययाती. नाती मात्र बदलली. ग्रीकांकडे कॅसिओपिया ही सेफियसची बायको, आपल्याकडे शर्मिष्ठा ही वृषपर्व्याची मुलगी. देवयानी तर त्या घरातली नव्हेच, ती शुक्राचार्यांची लेक. तरीही ही अदलाबदल मला फार चतुर वाटते, कारण राजा, राजकन्या, मत्सर आणि लग्न हा सगळा ऐवज दोन्हीकडे आहे. ज्यांना वाटतं की पुराणातली नावं देणं म्हणजे फक्त ग्रीकांची नक्कल, त्यांनी हा चौकोन बघावा.

इथवरचा प्रवास संथ होता. खरी धमाल दुर्बिणीनंतर सुरू झाली, कारण आता आकाशात अशा वस्तू दिसू लागल्या ज्यांना जुनं नावच नव्हतं.

जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओला गुरूभोवती चार चंद्र सापडले. त्याने त्यांना झ्यूसच्या कथेतली नावं दिली नाहीत. त्याने त्यांना मेदिचींचे तारे म्हटलं. टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोसिमो मेदिची आणि त्याचे तीन भाऊ मिळून चार, चंद्रही चार, हिशेब चोख. गॅलिलिओला दरबारी गणितज्ञाची नोकरी मिळाली. जर्मनीत सायमन मारियस नावाचा खगोलज्ञ होता. त्याचा दावा की हे चंद्र त्यानेही जवळजवळ त्याच वेळी पाहिले होते. १६१४ मध्ये त्याने पुस्तक छापलं आणि त्यात आयो, युरोपा, गॅनिमिड, कॅलिस्टो ही नावं सुचवली. ही कल्पना आपल्याला खगोलज्ञ केप्लरने १६१३ मध्ये रेगेन्सबर्गच्या जत्रेत भेटलो तेव्हा थट्टेथट्टेत दिली, हेही त्याने प्रांजळपणे लिहिलं. ज्युपिटरने चोरून ज्यांच्यावर प्रेम केलं ती ही चौघं. त्याच्याभोवती त्यांनी फिरावं, यात केप्लरची खोडी उघड आहे.

गॅलिलिओ भडकला. मारियसला त्याने छापील मजकुरात चोर ठरवलं. परिणाम असा झाला की दोघांचीही नावं चालली नाहीत. मेदिची हे नाव फ्लोरेन्सबाहेर कुणाला घ्यायचं नव्हतं, आणि मारियसचं नाव घेणं म्हणजे गॅलिलिओविरुद्ध साक्ष देणं. जवळजवळ तीनशे वर्षं लोक गुरूचा पहिला, दुसरा, तिसरा, चौथा असे आकडेच वापरत राहिले. विसाव्या शतकात आणखी चंद्र सापडत गेले आणि आकड्यांचा घोळ व्हायला लागला, तेव्हा मारियसची नावं मागच्या दाराने परत आली. २०१६ मध्ये गुरूपाशी पोचलेल्या नासाच्या यानाचं नाव जूनो, म्हणजे ज्युपिटरची बायको. पुराणात नवऱ्याने आपले उद्योग झाकायला ढग पसरले होते आणि तिला ढगांच्या आरपार दिसलं. गुरूच्या ढगांखाली काय आहे ते शोधणाऱ्या यानाला याहून नेमकं नाव मिळणं कठीण.

शनीपाशी तीच कथा. कासिनीने १६७१ ते १६८४ दरम्यान चार चंद्र शोधले आणि चौदाव्या लुईला अर्पण केले. पुढे जॉन हर्शेलने १८४७ मध्ये केप ऑफ गुड होपच्या निरीक्षणांचा ग्रंथ छापला, त्यात टायटन, रिया, डायोनी, टेथिस, एन्सेलाडस, मिमस, आयापिटस ही नावं सुचवली. त्यामागचं तर्कट झकास आहे. पुराणात सॅटर्नने स्वतःची मुलं गिळली होती. मग त्याच्याभोवती मुलं कशी ठेवणार? म्हणून भावंडं आणि नातलग ठेवले.

याच जॉनच्या वडिलांनी, विल्यम हर्शेलने, १३ मार्च १७८१ला नवा ग्रह शोधला होता. त्याचं नाव त्याने तिसऱ्या जॉर्जवरून ठेवलं. ब्रिटिश नाविक पंचांगात हा ग्रह १८५०पर्यंत जॉर्जचाच राहिला. फ्रेंचांना हे पचणं शक्य नव्हतं. लालांदने सुचवलं की त्याला सरळ हर्शेल म्हणा. बर्लिनच्या बोडेने वंशावळ काढली: मार्सचा बाप ज्युपिटर, ज्युपिटरचा बाप सॅटर्न, तर त्याच्यापुढच्या ग्रहाचं नाव सॅटर्नच्या बापाचं असावं, युरेनस. रोमन नाव घ्यायचं तर सीलस झालं असतं, पण बोडेने ग्रीक घेतलं, आणि म्हणून आठ ग्रहांत हा एकच खराखुरा ग्रीक. लालांदचा पर्याय मात्र पुरता मेला नाही. तो आपल्याकडे जिवंत आहे. घरातलं कुठलंही मराठी पंचांग उघडा, युरेनसच्या जागी 'हर्षल' छापलेलं असतं. बऱ्याच जणांना ते संस्कृत नाव वाटतं.

नेपच्यून १८४६ मध्ये सापडला तेव्हा त्याची जागा गणिताने काढणाऱ्या लव्हेरिएने आधी नेपच्यून हे नाव सुचवलं आणि मग मन बदलून स्वतःचंच नाव चालवायचा प्रयत्न केला. पॅरिसबाहेर ते कुणी ऐकलं नाही. जेनस, ओशनस असेही प्रस्ताव आले होते. टिकला नेपच्यून.

उलट बाजूचेही प्रयत्न झाले, आणि तेही पडले. १६२७ मध्ये युलियस शिलरने सगळं आकाश ख्रिस्ती करून टाकलं, बारा राशींच्या जागी येशूचे बारा शिष्य. नकाशे सुंदर होते, पण ना प्रोटेस्टंटांनी वापरले ना कॅथलिकांनी. इंग्लिश खगोलज्ञ हॅलेने दक्षिण आकाशात आपल्या राजाचं, दुसऱ्या चार्ल्सचं, ओकचं झाड लावलं. पाऊणशे वर्षांनी केपला तारे मोजायला गेलेल्या फ्रेंच लाकाईलने ते उपटून टाकलं. लाकाईलने स्वतः तिथे १४ नवे तारकासमूह बसवले आणि देवांऐवजी उपकरणं निवडली: सूक्ष्मदर्शक, दुर्बीण, भट्टी, हवेचा पंप. ते मात्र राहिले, कारण हवेच्या पंपावर कुणाचा राग नसतो.

लघुग्रहांनी या पद्धतीचा कस पाहिला. १ जानेवारी १८०१ला पियात्सीने पालेर्मोत पहिला शोधला आणि त्याला सेरेस फर्डिनांडिया म्हटलं. सेरेस ही सिसिलीची धान्यदेवता, फर्डिनांड तिथला राजा. राजा गळला, देवी राहिली. १८५० मध्ये हिंडने लंडनमध्ये सापडलेल्याला व्हिक्टोरिया म्हटलं तेव्हा अमेरिकेतल्या काहींनी नाक मुरडलं. हिंडची सारवासारव अशी की ही राणी नव्हे, रोमनांची विजयदेवता. पुढे संख्या शेकड्यांत गेली आणि देवी संपल्या. १८६१ मध्ये मद्रास वेधशाळेतून पॉग्सनने शोधलेला ६७ क्रमांकाचा लघुग्रह 'एशिया' आहे. नाव खंडाचंही आणि ग्रीक पुराणातल्या एका समुद्रकन्येचंही; आशियातून लागलेल्या पहिल्या लघुग्रहासाठी पॉग्सनने दोन्ही हेतू एका नावात बसवले.

१९०६ मध्ये मॅक्स वोल्फने हायडलबर्गहून गुरूच्याच कक्षेत, पण त्याच्या ६० अंश पुढे चालणारा एक लघुग्रह पकडला. व्हिएन्नाच्या पालिसाने सुचवलं की असल्यांना ट्रॉयच्या युद्धातले वीर द्यावेत. पहिला अकिलीझ. मग ठरलं की गुरूच्या पुढे ग्रीकांची छावणी, मागे ट्रॉयची. पण हा नियम व्हायच्या आधीच दोन नावं पडून गेली होती, त्यामुळे हेक्टर आज ग्रीकांत आहे आणि पॅट्रोक्लस ट्रॉयवाल्यांत. दोघं शत्रूच्या गोटात कायमचे अडकले. नियम नंतर येतात आणि नावं आधी, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

एका घराण्याचा उल्लेख करायलाच हवा. १८७७ मध्ये वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेत असाफ हॉलने मंगळाचे दोन चंद्र शोधले. इंग्लंडातल्या ईटन शाळेतले विज्ञानशिक्षक हेन्री मॅडन यांनी नावं सुचवली: फोबोस आणि डायमोस, भय आणि धास्ती, 'इलियड'मध्ये युद्धदेवाबरोबर निघणारे दोघे. १९३० मध्ये क्लाइड टॉमबॉने फ्लॅगस्टाफहून नवा ग्रह शोधला. ऑक्सफर्डमध्ये सकाळी नाश्त्याच्या वेळी आजोबांनी ती बातमी वाचून दाखवली आणि ११ वर्षांची व्हेनेशिया बर्नी म्हणाली, प्लूटो का नाही ठेवत? आजोबा फाल्कनर मॅडन हे बॉडलियन ग्रंथालयाचे निवृत्त ग्रंथपाल आणि हेन्रीचे भाऊ. त्यांनी ते खगोलज्ञ टर्नर यांच्या कानावर घातलं, टर्नरनी तार केली, आणि १ मेला नाव जाहीर झालं. इंग्रजीतली पहिली दोन अक्षरं, पी आणि एल, ही टॉमबॉच्या वेधशाळेचा संस्थापक पर्सिव्हल लॉवेलची आद्याक्षरं आहेत, हेही लॉवेल वेधशाळेला आवडलं असणारच. आजोबांनी नातीला पाच पौंड बक्षीस दिले.

आता 'ठरवतं कोण' याचं उत्तर. १९१९ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय खगोल संघटना. १९२२ मध्ये तिने ८८ तारकासमूहांची यादी पक्की केली, १९३० मध्ये त्यांच्या सीमा आखल्या. आज नियम बारीक आहेत. गुरूच्या चंद्रांना झ्यूसची प्रेमपात्रं किंवा वंशज. त्यातही गुरूच्या फिरण्याच्या दिशेने जाणाऱ्या बाहेरच्या चंद्रांची नावं सहसा 'आ'कारान्त, उलट जाणाऱ्यांची 'ए'ने संपणारी. नाव ऐकून दिशा कळते. (यातली 'हिमालिया' आपल्या हिमालयाची नव्हे, ती ऱ्होड्स बेटावरची अप्सरा.) प्लूटोला पाताळातले लोक. प्लूटोवरून वाद पेटवणाऱ्या, २००५ मध्ये जाहीर झालेल्या पिंडाला एरिस म्हणतात. सुरुवातीला आलेल्या आरेसशी असलेल्या उच्चारसाम्यावर जाऊ नका. ही युद्धदेव नव्हे, कलहाची देवी. लग्नात सोन्याचं सफरचंद टाकून ट्रॉयचं युद्ध लावून देणारी. शोधणाऱ्यांनी हे नाव हसत हसतच सुचवलं असणार.

राहिला शेवटचा भाग, आपली नावं का नाहीत. याला दोन उत्तरं आहेत. पहिलं, देवाणघेवाण जुनी आहे आणि उलटी दिशाही बघायला हवी. वराहमिहिराने बृहज्जातकात राशींची दुसरी नावं दिली आहेत: क्रिय, ताबुरि, जितुम, लेय, पाथोन, जूक, कौर्प्य. ती मोठ्याने वाचली तर क्रिओस, टॉरोस, डिडिमोई, लिओन, पार्थेनोस, झायगॉन, स्कॉर्पिओस ऐकू येतात. ग्रीक शब्द सहाव्या शतकात संस्कृत श्लोकात बसलेले होते.

दुसरं, ज्या काळात नवे पिंड सापडत होते त्या काळात आपल्याकडे मोठ्या दुर्बिणी नव्हत्या, आणि शोधणारा नाव सुचवतो हाच रिवाज आहे. कल्पनेची उणीव नव्हती. व्यंकटेश बापूजी केतकर, ज्यांच्या नावाने पंचांग आजही ओळखलं जातं, त्यांनी १९११ मध्ये फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या नियतकालिकात नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असं मांडलं आणि त्यांना नावं दिली ब्रह्मा आणि विष्णू. ब्रह्म्याचं अंतर त्यांनी सूर्य ते पृथ्वी अंतराच्या ३८.९५ पट आणि फेरी सुमारे २४२ वर्षांची काढली. प्लूटोचं अंतर सरासरी ३९.५ पट आणि फेरी २४८ वर्षांची. प्लूटो त्या गणितावरून शोधलेला नाही, आणि विष्णू तर सापडलाच नाही, त्यामुळे यावरून छाती फुगवून घेऊ नये. पण गुरूच्या चंद्रांमधलं लाप्लासने दाखवलेलं प्रमाण उचलून बाहेरच्या ग्रहांना लावून बघणं, हे काम कुठल्याही वेधशाळेला शोभलं असतं.

आणि आता नावं आहेतही. शुक्रावर अफ्रोडायटी आणि इश्तार या दोन उंच भूमी आहेत, आणि इश्तारच्या पश्चिम भागातलं मोठं पठार आहे लक्ष्मी. शुक्रावर स्त्रियांचीच नावं द्यायची असा दंडक आहे; मॅक्सवेल पर्वतासारखे अपवाद हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तिथे एका विवराचं नाव आनंदीबाई जोशींचं आहे, एक पंडिता रमाबाईंचं 'मेधावी' या नावाने, आणि एक मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या डॉ. जेरुशा झिराड यांचं. बुधावर कालिदास आणि वाल्मीकी आहेत. २०१९ मध्ये एका ताऱ्याला आणि त्याच्या ग्रहाला भारतातून बिभा आणि संतमस ही नावं मिळाली.

जाता जाता, कारण हेही विचारलं जातं: पैसे भरून ताऱ्याला बायकोचं किंवा मुलाचं नाव देण्याची जी प्रमाणपत्रं विकतात, त्यांना खगोलशास्त्रात काडीची किंमत नाही. संघटना नावं विकत नाही. हौस असेल तर प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावा, पण त्या नावाने तो तारा कुठल्याही वेधशाळेत मागू नका.